कारवान सुटला की हाकेला येत नाही, पुन्हा पुन्हा पळतो: काय तपासायचं, काय करायचं

कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "घरात लई गरीब आहे, पण सोडला की गेला." दाव्याला असेपर्यंत लेकरांनी कान ओढले तरी तो गुरगुरत नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मोकळा केला आणि लांब बांधावर काही हललं, की मग हाक मारा, शिट्टी वाजवा, भाकर दाखवा, काही उपयोग नाही. तासाभराने धापा टाकत परत येतो, नाहीतर शेजारच्या शिवारातून फोन येतो. मालक चिडतो, महिनाभर बांधून ठेवतो, मग जीव तुटतो म्हणून सोडतो, आणि पहिल्याच दिवशी पुन्हा तेच.

यावर उपाय आहे. पाठलागाची ओढ मुळातून जात नाही, पण कुत्रा आणि माणूस दोघांना सुखाने राहता येईल इतकी ती नक्की आटोक्यात येते. फक्त सोडणं आणि बांधणं हे दोनच पर्याय धरून बसलं, तर वर्षानुवर्षं तेच चालू राहतं.

आधी खात्री करा, तो कशासाठी पळतो

पळणं सारखंच दिसतं, कारणं वेगळी असतात. नर दीड-दोन वर्षांचा आहे, भाद्रपदाच्या आगेमागे दोन-दोन दिवस गायब होतो, परत येतो तेव्हा अंगावर चावल्याच्या खुणा असतात, तर तो माजावरच्या कुत्रीमागे जातोय. तिथे खाली दिलेल्या शिकवणीने फारसं साधणार नाही. पैदास करायची नसेल तर पशुवैद्यकाशी बोलून खच्चीकरण करून घ्या. फटाके किंवा वळवाच्या गडगडाटाला सुटून जात असेल तर ती भीती आहे. त्या रात्री त्याला आत, अंधाऱ्या खोलीत, माणसांजवळ ठेवा. रोज एकाच दिशेला, उकिरड्याकडे किंवा चिकनच्या दुकानामागे जात असेल तर आधी त्याच्या खाण्याकडे बघा. नुसती ज्वारीची भाकर आणि ताक यावर कारवानचं भागत नाही. अंडं, मांस, तेही नसेल तर दूध-पनीर असं काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

या सगळ्यांतलं काही नसेल आणि काहीतरी हललेलं दिसलं की तो जात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. बहुतेक प्रकरणं याच प्रकारची असतात.

हा कुत्रा असाच का वागतो

कारवान आणि त्याचा लांब केसांचा भाऊ पश्मी हे नजरेने शिकार करणारे कुत्रे. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातलं जनवळ पश्मीसाठी ओळखलं जातं, आणि कर्नाटकात याच घराण्यातल्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या यांची निवड एकाच गुणावर झाली: लांबवर हललेलं टिपायचं आणि माणसाच्या हुकमाची वाट न बघता सुटायचं. जर्मन शेफर्ड किंवा मॅलिनॉइजसारखे कुत्रे कामात मधूनमधून माणसाकडे वळून बघतात, कारण त्यांचं कामच माणसाबरोबरचं आहे. कारवानला त्या क्षणी माणूस लागतच नाही. म्हणून शेफर्डसाठीचे शिकवणीचे व्हिडिओ बघून कारवानला शिकवायला जाणारे लवकर निराश होतात आणि "ही जातच शिकत नाही" असं म्हणतात. हे खरं नाही. मुधोळ कुत्र्यांना मेरठला सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं गेलं आहे. जात शिकते, पण तिच्या पद्धतीने.

आता मुख्य मुद्दा. पाठलाग हेच या कुत्र्याचं बक्षीस आहे. ससा हाती लागला की नाही याला महत्त्व नाही, धावण्यातच त्याला सगळं मिळतं. प्रत्येक पाठलागाची मजुरी त्याला जागेवर, रोख मिळते. तुम्ही सहा दिवस भाकरीच्या तुकड्यावर "ये" शिकवता आणि सातव्या दिवशी तो एकदा मनसोक्त पळून येतो, तर आठवडाभरात त्याला सगळ्यांत मोठं बक्षीस न ऐकल्याबद्दल मिळालेलं असतं. शिवाय कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसाची ओढ रोजच्या बक्षिसापेक्षा चिवट असते. महिनाभर बांधून एकदा सोडल्याने हीच ओढ घट्ट होते.

त्यात भर म्हणजे परत आल्यावर पडणारा मार. कुत्रा मागच्या तासाभराचा हिशेब लावत नाही. त्याच्या लेखी आपण मालकाजवळ आलो आणि काठी बसली. पुढच्या वेळी तो आखाड्यापासून पन्नास पावलांवर थांबतो, जवळ येत नाही, आणि मालक म्हणतो, "बघा, आता तर मुद्दाम चिडवतोय." कितीही संताप आला तरी आपण होऊन परत आलेल्या कुत्र्यावर हात उगारू नका. या एका गोष्टीबाबत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

पहिली दुरुस्ती: फुकटचे पाठलाग बंद

शिकवणी चालू असेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार महिने, उघड्या रानात दोरीशिवाय सोडायचं नाही. एकदाही नाही. "आज सकाळी कुणी नाही, सोडू दोन मिनिटं" इथेच सगळं केलेलं पाण्यात जातं.

बैलाचा कासरा यासाठी आखूड पडतो, आणि दोन कासरे जोडले तर मधली गाठ तुरीच्या धसकटात अडकते. दहा ते पंधरा मीटरचा एकसलग सुती दोर घ्या. नायलॉन स्वस्त मिळतं, पण हातातून सरकलं की तळवा सोलून निघतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा किंवा जमिनीवर ओढत ठेवून त्यावर पाय द्यायचा. आणि लांब दोर गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नका. कारवान दोन-तीन उड्यांत पूर्ण वेग घेतो. त्या वेगात दोर संपला तर सगळा हिसका मानेवर येतो. छातीवरून जाणारा हार्नेस वापरा, आणि दोर संपायच्या आधी स्वतः दोन पावलं पुढे जाऊन हिसका मोडा.

रोजच्या पट्ट्याचंही बघा. या कुत्र्याचं डोकं निमुळतं आणि मान जाड, त्यामुळे बाजारातला साधा पट्टा मागे जोर लावला की कानांवरून निसटतो. "रात्री पट्टा तोडून गेला" म्हणतात ना, त्यातले कित्येक पट्टे न तुटता खुंट्यालाच सापडतात. दोन इंच रुंद, ओढलं की थोडासाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराला नमुना दाखवला तर तो मापाने करून देतो.

दुसरी दुरुस्ती: हाकेला किंमत मिळवून द्या

बहुतेक घरांत कुत्र्याला हाक कधी मारतात? बांधायचं असतं तेव्हा, औषध द्यायचं असतं तेव्हा, मजा संपवायची असते तेव्हा. राजा, वाघ्या, मोती, नाव काहीही असो, ते ऐकलं की आता दावं, एवढंच तो शिकतो. अशी वाया गेलेली हाक सोडून द्या आणि नवी घ्या. मला खेळाच्या दुकानातली साधी शिट्टी सगळ्यांत बरी वाटते. तिच्यात राग उतरत नाही, घरातल्या कुणीही वाजवली तरी आवाज तोच, आणि वारं असलं तरी लांब पोचते.

सुरुवात घरात किंवा बंद वाड्यात करा. शिट्टी वाजवायची, लगेच तोंडात काहीतरी द्यायचं. काही आज्ञा नाही, काही अट नाही. कारवान खाण्याला फार हावरा नसतो, त्यामुळे भाकर चालणार नाही. उकडलेली कलेजी, अंड्याचा तुकडा, शाकाहारी घरात पनीर असं चालेल, आणि हा पदार्थ फक्त शिट्टीलाच मिळाला पाहिजे, एरवी नाही. आठ-दहा दिवसांत शिट्टी वाजली की झोपेतूनही मान वळवायला लागतो. मग अंगणात, मग आखाड्यावर दोरीसकट. तो आला की खाऊ द्या, पट्ट्याला हात लावा आणि पुन्हा सोडा. पुन्हा सोडणं विसरू नका. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत मोकळं करायचं. जवळ जाणं म्हणजे मजा संपणं नव्हे, हे त्याला याच नऊ वेळांतून कळतं.

शिट्टी केव्हा वाजवायची हेही शिकावं लागतं, आणि ते माणसाने शिकायचं आहे. तो सुटल्यावर वाजवलेली शिट्टी वाया जाते. सुटण्याआधी एक-दोन सेकंदांची फट असते. कुत्रा चालता चालता थबकतो. मान वर जाते, कान मागे पडलेले असतील तर उभे राहतात, पुढचा एक पाय किंचित उचललेला राहतो. सगळ्यांत खात्रीची खूण तोंडाची: धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. जीभ आत गेली आणि ओठ बंद झाले की नजर कशावर तरी बसली म्हणून समजा. त्याच क्षणी शिट्टी. मान तुमच्याकडे एवढीशी वळली तरी पुरे, लगेच चार पावलं उलट्या दिशेला पळा आणि तो आला की मूठभर कलेजी द्या. सुरुवातीला अर्ध्या वेळा वळणार नाही. तेव्हा दोर आहेच. ओरडू नका, ओढू नका, धरून उभे राहा आणि त्याचं लक्ष मोकळं होईपर्यंत थांबा.

तिसरी दुरुस्ती: धावायला द्या

नुसतं अडवून ठेवलेला कारवान घर फोडतो. अंगण उकरतो, गादी फाडतो, दाव्यावर गोल गोल फिरतो, रात्रभर रडतो. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा धरला आहे. कायदा नसता तरी धावायला जन्मलेल्या जनावराला दोन हात दाव्यावर आयुष्य काढायला लावणं मला बघवत नाही.

याला तासन्‌तास पळवायची गरज नाही. तो थोड्या वेळाचा वेगवान धावपटू आहे. सकाळी अर्धा तास दोरीवर चालणं आणि बंदिस्त जागेत दहा-पंधरा मिनिटं जोरदार धाव, संध्याकाळी पुन्हा थोडं फिरणं, एवढ्याने तरणा कुत्रा दिवसभर निवांत पडून राहतो. बंदिस्त जागा म्हणजे जाळी मारलेली फळबाग, किंवा परवानगी असेल तर कंपाउंड असलेलं मैदान. कुंपण सहा फूट तरी हवं, चार फूट तो उभ्या उभ्या ओलांडतो. द्राक्षबागेत सोडत असाल तर खाली पडलेले घड आधी उचला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्यांना घातक असतात.

पाठलागाची भूक भागवायला एक साधं साधन घरी बनवता येतं. सात-आठ फुटांचा बांबू, टोकाला तेवढाच दोर, दोराच्या शेवटी जुनं फडकं. फडकं जमिनीलगत फिरवा, कुत्रा मागे धावतो. आधी थांबवायचं, "बस" म्हणायचं, तो थांबला की मगच फडकं हलवायचं. मधेच शिट्टी वाजवून कलेजीवर बोलवायचं आणि पुन्हा फडक्यावर सोडायचं. शेवटी फडकं त्याला पकडू द्या. इथे पाठलागही मिळतो आणि तो तुमच्या हातून मिळतो. हे कुठल्याही शिस्तीपेक्षा जास्त कामाचं आहे, म्हणून कंटाळा करू नका. जोशात आलेला कुत्रा अचानक वळतो, त्याचे सांधे मात्र सांभाळा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला दोन-चार मिनिटं पुरे, आणि जमीन मऊ हवी.

मोटारसायकलला बांधून पळवणं बंद करा. सडकेने पायाच्या गाद्या सोलतात, कुत्र्याला थांबायची सोय नसते, आणि वर तुम्हीच त्याला गाडीमागे धावायला शिकवता. तोच कुत्रा उद्या दुसऱ्याच्या गाडीमागे धावला आणि कुणी पडलं, तर जबाबदारी तुमची. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाबद्दलच आहे. ज्याला ही सवय लागलीच आहे, त्याला सुरुवातीला रस्त्यापासून इतक्या लांब बसवा की गाडी दिसेल पण तो उठणार नाही. गाडी गेली की कलेजी. अंतर हळूहळू कमी करा.

मराठवाड्याच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. मार्च उजाडला की धाव सूर्य उगवायच्या आत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेल्यावर संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही चालवू नका. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ ला जिवाचा धोका सुरू होतो. हिरड्या लालभडक, चाल झोकांडी, लाळ घट्ट दिसली तर सावलीत आणा, साधं पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. धावण्याआधी आणि नंतर तासभर तरी पोटभर खायला देऊ नका. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो.

शेळ्या, कोंबड्या आणि रानातला ससा

उस्मानाबादी शेळ्यांच्या गोठ्याशेजारी कारवान राहू शकतो, पण ते लहानपणी झालं पाहिजे. तीन-चार महिन्यांच्या आत रोज करडांचा वास, आवाज, शेजार मिळाला तर पुढे ती त्याला घरची वाटतात. मोठा कुत्रा आणला असेल तर दोरीवरच ओळख करा आणि एकटं कधीही सोडू नका. एका वेळी एक शेळी शांत उभी असताना तो गप्प बसतो, कळप उधळला की तोच कुत्रा वेगळा होतो. कोंबड्यांच्या बाबतीत माझा विश्वास फक्त जाळीवर आहे.

"ससा आणतो तर आणू द्या, जातीचा गुण आहे" असं अभिमानाने सांगणारे भेटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्यप्राण्याला पाठलाग करून पळवणंही येतं. ससा आणि काळवीट दोघांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या माळावर उरलेलं वन्यजीवन आधीच थोडं आहे. कुत्र्याची जात टिकवायची तर ती शिकारीच्या नावावर टिकवता येणार नाही.

सुधारला होता, पुन्हा सुरू झालं

हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं आणि बहुतेक वेळा उत्तर शेतात असतं. खरिपात सोयाबीन, तूर उभी असते, कुत्र्याला लांबचं दिसतच नाही. मालकाला वाटतं, शिकला. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, रान उघडं पडलं, की अर्ध्या किलोमीटरवरचं हलतं दिसायला लागतं आणि पहिल्याच आठवड्यात तो जातो. हरभरा आणि ज्वारी निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी लाट. म्हणून रास झाली की दोर पुन्हा काढायचा आणि उघड्या रानात शिकवणी पहिल्यापासून, लहान अंतराने, करायची. मागच्या वेळेपेक्षा लवकर बसते.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे घरातला एकच माणूस शिकवतो आणि सालगडी किंवा पोरं दुपारी सोडून देतात. शिट्टी आणि नियम सगळ्यांना सारखे नसतील तर महिने घातले तरी फरक पडणार नाही. आणि आठ महिने ते दीड वर्षाच्या वयात शिकलेलं तात्पुरतं विसरतात. ते चालायचंच.

काही कुत्रे इतकं करूनही उघड्या शिवारात बिनदोरीचे ठेवता येत नाहीत. तसा तुमचा असेल तर तो आयुष्यभर लांब दोरीवर आणि कुंपणात राहील, त्यात त्याचं काही वाईट होत नाही. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी आहेत, डुकरांसाठी लावलेली झटका मशीन (विजेचा झटका देणारी कुंपणं) आहेत, आणि कुठेकुठे थेट वीज सोडलेली तारही असते. वेगात असलेल्या कुत्र्याला यातलं काही दिसत नाही.

आत्ता, या क्षणी पळाला असेल तर

त्याच्या मागे धावू नका, त्याला तो पाठलागाचाच खेळ वाटतो. सुटला तिथेच थांबा, दर काही मिनिटांनी शिट्टी वाजवा. हा कुत्रा बहुधा गेला त्याच वाटेने परतायचा प्रयत्न करतो. अंधार पडला तर त्या जागी त्याचं पोतं किंवा तुमचं वापरलेलं पांघरूण आणि पाणी ठेवा, आणि विहिरींचे काठ बॅटरीने बघून या. आजूबाजूच्या आखाड्यांवर फोन करून सांगा की दगड मारू नका, नुसतं बघून ठेवा. पुढचा माणूस "दादा, तुमचाच का तो पांढरा?" म्हणून फोन करील तेव्हा त्याला कुत्रा पकडायला लावू नका. अनोळखी हात पडला की तो आणखी पळतो, नाहीतर चावतो. कुणाला चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला लावा आणि त्याच दिवशी लशीसाठी पाठवा, तुमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

परत आला की आधी कलेजी, मग थोडं थोडं पाणी. धाप बसल्यावर पायाच्या बोटांमधले सराटे, कानातली कुसळं आणि पोटाखाली तारेच्या जखमा तपासा. कुसळ कातडीत शिरलं तर आतून पुढे सरकत जातं, म्हणून टोक दिसत असेल तोवरच काढा. पुढचे दोन दिवस त्याच्या लघवीवर नजर ठेवा. अती धावण्याने स्नायू फुटले तर ती चहासारखी गडद होते, कुत्रा मागच्या पायांनी ताठ चालतो, पाठीला हात लावू देत नाही. असं दिसलं तर मालीश, हळद, गुळाचं पाणी यात वेळ घालवू नका, किडन्या निकामी होऊ शकतात. जवळचा पशुवैद्यक गाठा. मोठ्या उपचाराची गरज पडली तर उदगीर आणि परभणी दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.